पन्नास रुपयांची बॅटरी आणि 5,800 रुपयांचा ‘नवा बोर्ड’

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे केंद्र चालवतो. 2024 च्या जुलैमध्ये, एक रुपयातील पीक विम्यासाठी दारात रांग लागलेली असताना, माझा संगणक रोज सकाळी काळ्या पडद्यावर अडू लागला. तारीख व वेळ लावलेली नाही, पुढे जाण्यासाठी एफ1 दाबा, असा इंग्रजी संदेश दिसे. एफ1 दाबल्यावर विंडोज सुरू होई, परंतु तारीख कित्येक वर्षे मागची असे आणि विम्याचे पोर्टल उघडत नसे.

तालुक्याच्या गावी एका दुकानात तो नेला. दुकानदाराने पाच मिनिटेही पाहिला नसेल. “मदरबोर्ड गेला भाऊ, आता नवाच टाका लागते,” असे सांगून त्याने संगणकाचे सगळे भाग जोडणाऱ्या या मुख्य पाटीचे 5,800 रुपये मागितले. रांगेतील माणसे डोळ्यांसमोर असल्यामुळे मी घासाघीस न करता यूपीआयने पैसे दिले. पक्के बिल मात्र “उद्या देतो” यावरच राहिले. संध्याकाळी संगणक सुरळीत सुरू झाला, फक्त पूर्वीपेक्षा संथ वाटला. पोर्टलवरच गर्दी असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पोळ्याला भाचा आला. त्याने डब्याचे बाजूचे झाकण काढले आणि म्हणाला, “मामा, हा तं जुनाच बोर्ड आहे.” माळ्यावर जपून ठेवलेल्या मूळ खोक्यावरचा अनुक्रमांक आणि बोर्डावरील चिकटपट्टीचा क्रमांक एकच निघाला. सगळ्या भागांवर धुळीचा थर तसाच होता, आणि त्यात रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित छोटी सीआर2032 ही तीन व्होल्टची बॅटरी तेवढी चकचकीत होती.

संगणकाची वीज पूर्ण तोडली की आतले घड्याळ या बॅटरीवर चालते. पावसाळ्यात विजेच्या भीतीने मी रोज रात्री भिंतीवरचे बटन बंद करत असे. बॅटरी संपलेली असल्याने घड्याळातील नोंद पुसली जाई आणि सकाळी तारीख कित्येक वर्षे मागे जाई. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. मागच्या तारखेच्या संगणकाला ते अजून लागूच झालेले नाही असे वाटते, म्हणून तो पान अडवतो. बोर्ड खरोखर जळला असता तर विंडोजपर्यंत मजल गेलीच नसती, हे माझ्यासारख्या रोज संगणकावर बसणाऱ्याला सुचू नये, याची लाज वाटते. पन्नासेक रुपयांची बॅटरी बदलून तारीख नीट लावणे, एवढेच काम होते.

संथपणाचे कारण त्याहून वाईट निघाले. चालू काम तात्पुरते साठवणाऱ्या स्मृतीच्या पट्ट्या, म्हणजे चार-चार जीबीच्या दोन रॅम, यांपैकी एक जागेवर नव्हती. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’मधील ‘अबाउट’ उघडले असते तरी 8 ऐवजी 4 हा आकडा पहिल्याच दिवशी दिसला असता.

मी दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने आधी ओळखच दाखवली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि वस्तू वा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही, हे मी शांतपणे सांगितले, यूपीआयची नोंद व खोक्याचा फोटो दाखवला. रॅम “चुकून राहिली होती” म्हणून लगेच काउंटरखालून निघाली. पैशांचे मात्र त्याने मजुरी म्हणून समर्थन केले. त्याच दुपारी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली.