हँगरवाल्याला विम्यात घेतलं आणि माझेच हात बांधले गेले

"फॉर्मॅलिटी आहे हो, सगळेच देतात." हँगरच्या मॅनेजरच्या या एका वाक्यावर मी सही केली. माझं चार आसनी विमान त्यांच्याकडे ठेवायचं होतं आणि माझ्या पॉलिसीत त्यांना 'अॅडिशनल इन्शुअर्ड', म्हणजे माझ्यासोबतचे जादा विमाधारक करा, अशी त्यांची अट होती.

यात मुळात गैर काही नाही. माझ्या उड्डाणामुळे कुणाचं नुकसान झालं आणि त्याने हँगरवाल्यालाही कोर्टात खेचलं, तर माझी विमा कंपनी त्याचाही बचाव करते. मात्र दायित्वाची मर्यादा वाढत नाही, आहे त्याच रकमेत दोघांनी भागवायचं.

फसलो ते त्याच कागदाच्या दुसऱ्या परिच्छेदात. तिथे 'वेव्हर ऑफ सबरोगेशन' होतं: त्यांच्या चुकीने माझं विमान मोडलं तरी माझी विमा कंपनी त्यांच्याकडून वसुली करणार नाही. मी विचारलं, तर म्हणे "तो त्यातलाच भाग आहे." धादांत खोटं! या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर "आमचा हँगरकीपर्स विमा आहेच की," (म्हणजे त्यांच्या ताब्यातल्या दुसऱ्यांच्या विमानांच्या नुकसानीसाठीचा विमा) म्हणत एक सर्टिफिकेट पुढे केलं आणि दरमहा बिलात 'विमा आकार' लावला.

पुढे त्यांच्याकडे कामाला असलेल्या पोराने विमान ओढून आत घेताना पंखाचं टोक दाराच्या खांबावर घातलं. टोकाकडे बघायला सोबत कुणी नव्हतं. दिव्याची काच फुटली, ते एक वेळ ठीक. पण एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखाची हलती पट्टी, बिजागरीपाशी वाकलं होतं. कंट्रोल डावीकडे फिरवला की अर्ध्यात अडायचा.

"आम्ही तुमच्याच पॉलिसीत आहोत, तिथूनच घ्या," मॅनेजर शांतपणे म्हणाला. दुरुस्तीचे पैसे माझ्या विमा कंपनीने दिले, डिडक्टिबल, म्हणजे दाव्यातला विमाधारकाने भरायचा वाटा, माझ्या खिशातून गेलं. तेवढं तरी त्यांच्याकडून मागावं, तर भाडेकरारात मी स्वतःचाही हक्क सोडून बसलो होतो. शेवटी सर्टिफिकेटवरच्या विमा कंपनीला फोन केला. ती पॉलिसी मला दाखवली त्याच्या आधीच संपली होती. तारीख कागदावर छापलेली होती, मी शिक्का बघून समाधान मानलं. म्हणजे विमा आकार कशाचा घेत होते, देव जाणे.

आता दुसरीकडे विमान ठेवतो. तिथल्या करारातही वेव्हरची ओळ होती. आधी माझ्या ब्रोकरला कागद पाठवला, तिथल्या हँगरवाल्याच्या विमा कंपनीकडून पॉलिसी चालू असल्याची खात्री केली आणि ती ओळ पेनाने खोडली. नव्या हँगरवाल्याने खोडाखोडीशेजारी मुकाट्याने सही केली.