हलणाऱ्या पेशीतलं कॅल्शियम: जीकॅम्प६ की कॅमेलिऑन?

जिवंत पेशीतलं कॅल्शियम मोजायला फ्लुओरेसंट (प्रकाश पडला की स्वतः चमकणारं) प्रथिन हवं म्हटलं की बरेच जण जीकॅम्प६ घेतात. चेतापेशींवर काम करणाऱ्यांनी खुशाल तेच घ्यावं. हृदयपेशींसारख्या सतत हलणाऱ्या पेशी ज्यांच्या डिशमध्ये आहेत त्यांनी मात्र थोडं थांबावं आणि कॅमेलिऑन या जुन्या प्रथिनाचाही विचार करावा. मी दोन्ही वापरली आहेत.

दोन्हींत कॅल्शियम पकडायचं काम कॅल्मोड्युलिन हे प्रथिनच करतं. मियावाकी आणि त्सिएन यांच्या 1997च्या कॅमेलिऑनमध्ये एका टोकाला निळसर, दुसऱ्याला पिवळं प्रथिन असतं. कॅल्शियम आलं की टोकं जवळ येतात आणि निळ्याची ऊर्जा पिवळ्याकडे जाते. आपण दोन रंगांचं गुणोत्तर मोजतो. नाकाई यांच्या 2001च्या जीकॅम्पमध्ये हिरवं प्रथिन एकच, आणि मोजायची ती त्याची चमक.

चमकेच्या बाबतीत स्पर्धाच नाही. 2013चं जीकॅम्प६ कॅल्शियमच्या अगदी लहान वाढीलाही उजळतं. वायसी3.60 हे कॅमेलिऑन सुधारलेलं असलं, तरी त्याचं गुणोत्तर परीक्षानळीत पाच-सहा पटच बदलतं आणि पेशीत मला त्याहून कमीच दिसलं. शिवाय ते दोन रंग अडवून बसतं. जीकॅम्पला 488 नॅनोमीटरचा एक निळा लेझर पुरतो आणि लाल रंग मोकळा राहतो. आणखी एक त्रास: कॅमेलिऑनमधल्या दोन रंगांची जनुकं जवळपास सारखीच असल्यामुळे, पेशीत जनुक पोहोचवायला वापरतात त्या लेंटिव्हायरसमध्ये त्यांची आपसांत अदलाबदल होऊन मधला तुकडा गळू शकतो.

इतकं असूनही मी कॅमेलिऑनकडे वळलो, ते ठोक्यांमुळे. पेशी आकसली की जाड होते, फोकसमधून सरकते आणि त्याच जागी जास्त प्रथिन गोळा होतं. जीकॅम्पमध्ये हे सगळं कॅल्शियमसारखंच दिसतं. बरं, हालचाल कॅल्शियममुळेच होते, त्यामुळे ताल एकच, आणि फिल्टर लावून दोन्ही वेगळी करता येत नाहीत. आकुंचन कॅल्शियमच्या किंचित मागून येतं, म्हणून बिघडते ती नेमकी आलेखाची उतरण, म्हणजे कॅल्शियम ओसरतानाचा भाग, आणि औषधाचा परिणाम मला तिथेच पाहायचा होता. फोकस जरा हलवला की तीच पेशी वेगळी उतरण दाखवायची. ब्लेबिस्टॅटिन या आकुंचन रोखणाऱ्या रसायनाने ठोके थांबवता येतात, पण निळ्या प्रकाशात ते मोडतं आणि पेशींना विषारी ठरतं. शिवाय न आकसणाऱ्या हृदयपेशीबद्दल माझा प्रश्नच नव्हता. जीकॅम्पला लाल प्रथिन जोडून गुणोत्तर काढता येतं. माझ्याकडे ते दोन रंग वेगवेगळ्या गतीने फिके पडत गेले, त्यामुळे लांब नोंदींवर विश्वास बसेना.

कॅमेलिऑनमध्ये निळा उतरून पिवळा चढला तर ते कॅल्शियम, दोन्ही एकत्र हलले तर ती पेशीची हालचाल. गुणोत्तर काढण्याआधीच पडद्यावर हे कळतं. अट एकच: दोन्ही रंग एकाच क्षणी टिपले पाहिजेत. आधी एक, मग दुसरा असं घेतलं तर हालचालीचा घोळ परत येतो. म्हणून दोन रंगांच्या प्रतिमा एकाच वेळी वेगळ्या टिपू देणारं, प्रतिमा विभागणारं उपकरण मिळत नसेल तर कॅमेलिऑनच्या नादी लागू नका.

कॅल्शियम पकडायला-सोडायला प्रथिनाला लागणारा वेळ दोन्हीकडे आड येतो, तेव्हा उतरणीचा खरा वेग यातून मिळेल असं मी म्हणणार नाही. उंदराच्या वेगाने धडधडणाऱ्या पेशींत तर वायसी3.60 मागेच पडतं. पण सावकाश ठोके देणाऱ्या मूलपेशीजन्य हृदयपेशींत औषधाआधीची आणि नंतरची उतरण ताडून पाहायची असेल, तर माझ्या मते कमी चमक पत्करावी.