सरकारी रुग्णालयातील आयुष कक्ष की स्वतंत्र आयुर्वेद रुग्णालय?

मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना गुडघेदुखीसाठी आयुर्वेदिक उपचार कुठे घ्यावेत, असा प्रश्न सिन्नरच्या एका काकूंना पडला आहे. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आयुष (आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी इत्यादी) सेवा सरकारी रुग्णालयांच्या छताखाली आणण्याचे धोरण स्वीकारले आणि 2014 च्या राष्ट्रीय आयुष अभियानाने ते पुढे नेले. त्यामुळे सरकारी रुग्णालयातील आयुष कक्षाचा पर्याय खरोखर उपलब्ध आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गुडमारासारखी वनस्पती साखर उतरवणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतल्यास साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते, आणि एकाच आवारात आयुर्वेद व ॲलोपॅथी असे दोन्ही डॉक्टर व प्रयोगशाळा असल्यास हे लवकर ध्यानात येते, अर्थात दोघांनी एकमेकांची कागदपत्रे पाहिली तरच. खर्चही तिथे कमी असतो.

पंचकर्माला मात्र स्वतंत्र खोली, प्रशिक्षित परिचारक आणि रुग्णाचा सलग वेळ लागतो. लहान आयुष कक्षात हे सारे जुळणे अवघड, म्हणून येथे स्वतंत्र रुग्णालय सरस ठरते.

एकाहून अधिक आजार व रोजची औषधे असणाऱ्यांनी, म्हणजे काकूंनीही, आयुष कक्ष निवडावा; अन्य आजार नसलेल्या, पंचकर्माचीच गरज असलेल्या रुग्णाने स्वतंत्र रुग्णालयात जावे.