सालीवरच्या चित्राचा रंग सुटतोय: पॅरालॉइड की फुनोरी?

ऑस्ट्रेलियाच्या अर्नहेम लँडकडची, तिथल्या आदिवासींनी झाडाच्या सालीवर काढलेली चित्रं दुरुस्तीला आली की साल वाकलीय, चिरलीय हे नंतर, आधी भुगा होऊन गळणारा रंग थांबवायचा. तिथे पॅरालॉइड बी-७२ हे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणारं अ‍ॅक्रिलिक रेझिन घ्यायचं की फुनोरी हा नैसर्गिक गोंद यावर लोक अजून वाद घालतात.

मी दोन्ही वापरलंय. पॅरालॉइडला नावं ठेवायची नाहीत, पिवळं पडत नाही, बुरशी धरत नाही, साल फुगत नाही, उठलेली खपली छान बसते. फुनोरी म्हणजे जपानी शेवाळ, भिजत घाला, कोमट करा, गाळा, एवढं करून फ्रीजमध्येही फार टिकत नाही आणि पकड बेताचीच.

पण मला नडला तो पांढरा. या चित्रांतला पांढरा म्हणजे माती, आणि ती पांढरी दिसते कणांमधल्या हवेमुळे. रेझिन त्या फटींत शिरलं की हवा जाते आणि पांढरा तेल पडलेल्या कागदासारखा मळकट दिसायला लागतो, वर जिथे थेंब थांबला तिथे कडा उमटते ती वेगळीच. रार्क म्हणतात त्या केसाएवढ्या बारीक आडव्यातिडव्या रेघांवर असा चकचकीत पट्टा आला ना, की तिरक्या उजेडात डोळा सारखा तिथेच जातो. पातळ करून लावा म्हणतात, पातळ करूनच लावलं होतं हो! बरं, काढायचं म्हटलं तर परत अ‍ॅसिटोन, आणि साठच्या दशकापासून बऱ्याच चित्रकारांनी ऑर्किडच्या रसाऐवजी रंगात पीव्हीए (फेविकॉलसारखा पांढरा) गोंद घातलाय, तो अ‍ॅसिटोनने सुटतो, म्हणजे रंगच हातात यायचा.

फुनोरीने रंग मॅट राहतो, लावलंय हे कळतही नाही. धोका पाण्याचा. बिनगोंदाच्या जुन्या रंगावर सरळ थेंब सोडला तर रंग वाहतो, म्हणून मी आधी किंचित इथेनॉल देतो, मग जपानी टिशूवरून किंवा बारीक फवाऱ्याने थोडं थोडं. खपली जाड असेल तर त्यात स्टर्जन माशाचा गोंद मिसळतो. वेळखाऊ आहे, गिऱ्हाईक घाईत असेल तर वैताग येतो.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, कडेला छोटी टेस्ट कराच. पण १९४८च्या अमेरिकन-ऑस्ट्रेलियन शास्त्रीय मोहिमेत अर्नहेम लँडमधून गोळा केली तशी जुनी, हात लावला की भुगा होणारी चित्रं असतील तर मी तरी रंगावर पॅरालॉइड घालणार नाही. मागच्या बाजूने सालीची चीर जोडायला मात्र ते अजून माझ्या टेबलावर असतं.