वेदर स्टेशन: रेडीमेड घ्यायचं की स्वतः जोडायचं?

घोडबंदरला धो धो आणि नौपाड्यात नुसती भुरभुर असं ठाण्यात होतंच, म्हणून गच्चीवर हवामान मोजणारं आपलं स्टेशन हवंच. रेडीमेड, म्हणजे इकोविट कंपनीच्या सेटसारखं घेतलं तर पाऊस, वारा, तापमान सगळं एकत्र मिळतं आणि अ‍ॅपमध्ये स्टेशनचा आयडी न् की (पासवर्डसारखा कोड) टाकली की डेटा वेदर अंडरग्राउंड या हवामानाच्या वेबसाइटवर आपोआप जातो, पण महाग पडतं. स्वतः जोडायचं, म्हणजे ईएसपी३२ला (वायफाय असलेला छोटा प्रोग्रामेबल बोर्ड) बीएमई२८० (तापमान, आर्द्रता, हवेचा दाब मोजणारा सेन्सर) जोडलं तर बरंच स्वस्त, डेटा हवा तिथे पाठवा, फक्त ते पाऊस-वारा मोजत नाही, पावसासाठी टिपिंग बकेट (ठराविक पाणी भरलं की कलंडून मोजणारं पर्जन्यमापक) वेगळी लावावी लागते आणि सेन्सरवर ऊन न येता हवा खेळेल असं कव्हर पाहिजेच पाहिजे. पावसाळा तोंडावर असेल तर रेडीमेडच घ्या, कोडिंगची आवड असेल तर दुसरं. दोन्हीत रोजचा पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा काढा, हवामान खातं तसंच मोजतं, मग त्यांच्या मुंबईतल्या सांताक्रूझ केंद्राच्या आकड्याशी ताडून बघता येतं.