वाढदिवसाचे आकडे की ३१ च्या पुढचे?

४९ पैकी ६ आकडे निवडायच्या लॉटरीत एकूण १,३९,८३,८१६ जोड्या होतात आणि प्रत्येकीची शक्यता अगदी सारखी. तरीही दोन तिकिटांची अपेक्षित कमाई सारखी नसते, कारण पहिलं बक्षीस बहुधा विजेत्यांत वाटलं जातं.

समजा, ते बक्षीस तिकिटाच्या किमतीच्या १ कोटी पट आहे. वाटेकरी नसेल तर तिकिटामागे अपेक्षित कमाई किमतीच्या ०.७१५ पट. (छोटी बक्षिसं, कर बाजूला ठेवू.)

आता वाढदिवसाचे आकडे घ्या. ते सगळे १ ते ३१ मधले. अशा जोड्या फक्त ७,३६,२८१, म्हणजे जेमतेम ५.३ टक्के, पण लोकांची गर्दी तिथेच. तुमच्याच जोडीवर सरासरी ३ इतर तिकिटं असतील, तर हाती येणारा वाटा सरासरी ०.३१७, कमाई घसरून ०.२३. (चार वाटेकरी म्हणून पाव धरू नका. कधी एकही दुसरा नसतो, त्यामुळे सरासरी थोडी वर जाते.)

३१ च्या पुढचे, विस्कळीत आकडे घेतले आणि तुमच्या जोडीवर इतर तिकिटं सरासरी ०.५ च निघाली, तर वाटा ०.७८७, कमाई ०.५६. दुपटीहून जास्त!

मात्र नुसतं ३१ ओलांडून भागत नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी १९९५ च्या एका सोडतीत ७, १७, २३, ३२, ३८, ४२ आले. निम्मे आकडे ३१ च्या वरचे, तरी बक्षीस १३३ जणांत वाटलं गेलं.

माझं मत दुसऱ्या पर्यायाला. पण ०.५६ म्हणजेही तोटाच.