दिवाळीत द्राक्षं नसतात! नाशिक वाइन टूरच्या नावाखाली माझे ९३,५९९ रुपये गेले

आधी आकडेच सांगते, कारण गेले दोन महिने हेच आकडे डोक्यात फिरतायत. २५,००० आणि ३८,००० ॲडव्हान्स, मग ९,६०० वाइन चाखायच्या टेस्टिंग स्लॉटचे, मग १६,००० रिफंडेबल डिपॉझिट, आणि सगळ्यात शेवटी ४,९९९. एकूण ९३,५९९ रुपये. त्यातला एक रुपया अजून परत आलेला नाही. स्वतःचं नाव लिहीत नाहीये, कारण बडोद्यातला आमचा मराठी गोतावळा तो केवढा, आणि आम्ही नाशिकला नक्की कशासाठी जाणार होतो हे घरात अजून सगळ्यांना माहीत नाही.

आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. भिशीतल्या आम्ही चौघी मैत्रिणी आणि चौघींचे नवरे, असे आठ जण मिळून या वेळी काहीतरी वेगळं करायचं ठरलं. देवदर्शन झालंय, गोवा झालंय. नाशिकच्या वायनरी बघायच्या, द्राक्षबागेत फिरायचं, रात्री छान जेवायचं, दोन दिवस मोकळे. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, राज्य झालं १९६० साली तेव्हापासून, त्यामुळे हे असलं काही इथे करता येत नाही आणि कोणाला मोठ्याने सांगताही येत नाही. बडोद्याहून सुरत, वघई, सापुतारा, वणी असं गाडीने सात-आठ तासांत नाशिक. सासूबाईंना आम्ही सांगितलं की वणीच्या देवीला जातोय आणि येताना द्राक्षाचे मळे बघू. त्यात खोटं काही नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि हीच लपवाछपवी पुढे महागात पडली.

इन्स्टावर जाहिरात आली. पेजला चाळीस हजारांच्या वर फॉलोअर्स. दोन रात्री तीन दिवस, जोडप्याला ३१,५००, तीन वायनरींची टूर, सात कोर्सचं वाइन पेअरिंग डिनर, आणि द्राक्षं तोडून लाकडी टबात पायाने तुडवायची, ते ग्रेप स्टॉम्पिंग. फोटोत हिरव्यागार द्राक्षांनी भरलेला टब, त्यात एका बाईचे पाय, डाव्या पायात चांदीचं पैंजण. तो फोटो बघून आम्ही चौघी वेड्या झालो होतो हे कबूल करते.

व्हॉट्सॲपवर बोलणारा मुलगा इतका व्यवस्थित होता की काय सांगू. स्वतःहून विचारलं, व्हेज किती, नॉनव्हेज किती, कांदा-लसूण न खाणारं कोणी आहे का. मेनूची पीडीएफ आली, चेनिन ब्लां या वाइनबरोबर काय, शिराझ या वाइनबरोबर काय, आमच्यातल्या एकीसाठी कांदा-लसूण नसलेला वेगळा मेनू. आता मला सांगा, फसवणारा माणूस एवढी काळजी घेईल असं कोणाच्या मनात येईल? लोक म्हणतात "तुला कळलं कसं नाही", त्यांनी तो मेनू वाचायला हवा होता.

पण कळायला हवं होतं. आणि कोणाकडून कळलं असतं तर माझ्या सासूबाईंकडून.

त्या डायनिंग टेबलपाशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी कौतुकाने तो पैंजणवाला फोटो दाखवला, म्हटलं आई बघा, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आम्ही असं द्राक्षं तोडायला जाणार. त्यांचं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडचं, भावांच्या बागा आहेत. त्यांनी चष्मा वर केला, फोटो बघितला, आणि म्हणाल्या, "दिवाळीत कुठली गं द्राक्षं? छाटणी झालेली असते तेव्हा. नुसत्या काड्या, फार तर कोवळी पानं. द्राक्षं खायची तर संक्रांतीनंतर जा." आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. हे वाक्य सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बोललं गेलं. तेव्हा माझे फक्त २५,००० गेले होते. फक्त २५,०००! बाकीचे ६८,५९९ मी त्यानंतर, हे वाक्य कानावर पडल्यानंतर, आपल्या हाताने पाठवलेत.

मी काय केलं? चिडले. म्हटलं आई, ती खायची द्राक्षं, ही वाइनची, वेगळी असतात. तरी मनात किडा वळवळला म्हणून त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मॅम, टेबल ग्रेप्स आणि वाइन ग्रेप्सचा सीझन वेगळा असतो, वाइनचा हार्वेस्ट जगभर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच होतो." मी नेटवर शोधलं तर खरंच तसं लिहिलेलं, फ्रान्स-इटलीत तेव्हाच तोडणी होते. तिथेच समाधान झालं. नाशिकचं वेगळं शोधावं एवढं सुचलं नाही. आता सगळं वाचून बसलेय. आपल्याकडे वेलीला युरोपसारखी कडक थंडी मिळत नाही, वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात, एक उन्हाळ्यात खरड छाटणी आणि दुसरी पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि फळ थंडीतल्या कोरड्या हवेत तयार होतं. वाइनची द्राक्षंसुद्धा जानेवारी ते मार्चमध्येच तोडतात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये स्टॉम्पिंग विकणारा माणूस एक तर नाशिकला कधी गेलेला नाही किंवा सरळ चोर आहे. तुम्हाला कोणी दिवाळी स्पेशल द्राक्ष तोडणी विकत असेल तर तिथल्या तिथे ब्लॉक करा.

दुसरी गोष्ट लिहायलाच लाज वाटते. मी अकरावी-बारावीला अकाउंट्स शिकवते. बिल आलं त्यावर पत्ता नाशिकचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा २७, आपला गुजरातचा २४, हे मी मुलांना फळ्यावर लिहून देते. वर वाइनच्या बाटल्यांवर १८ टक्के जीएसटी लावलेला, आणि पिण्याची दारू जीएसटीत येतच नाही. पण बिल मोबाइलवर, क्लासची वेळ झालेली, मी फक्त खालचा टोटल बघितला. बिल मोठं करून बघा. नंबर सरकारी जीएसटी पोर्टलवर टाका, दोन मिनिटांत कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. आणि यूपीआय करताना पिनच्या आधी जे नाव येतं ते वाचा, कंपनीच्या जागी भलत्याच बाईचं नाव येत होतं आणि मी "मालकीण असेल" म्हणून पुढे गेले.

जोडप्यामागे दोन बाटल्या फ्री होत्या. मी म्हटलं आम्हाला नकोत, गुजरातमध्ये आणणं गुन्हा आहे. तर म्हणे "टेन्शन नका घेऊ मॅम, बॉर्डरवर आपली सेटिंग आहे". तेव्हाच फोन ठेवायला हवा होता.

धनत्रयोदशीला सकाळी मी थेट वायनरीत फोन केला, उगाच, कांदा-लसणाचं पक्कं करायला. तिथली मुलगी बिचारी तीन वेळा शोधून म्हणाली, या नावाने काही बुकिंग नाही, आणि असं पॅकेज आमचं नाहीच. तिची काही चूक नाही, वायनरीचाही काही दोष नाही, त्यांचे फोटो कोणीतरी उचलले. टूर आणि टेस्टिंग लागलं तर वायनरीच्या स्वतःच्या साइटवरून बुक करा, नंबरही तिथूनच घ्या.

मग मी मूर्खासारखा त्या मुलालाच फोन केला. तो अजिबात चिडला नाही. "कम्युनिकेशन गॅप झालाय मॅम, फुल रिफंड देतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, ४,९९९ व्हेरिफिकेशनचे, लगेच सगळे एकदम येतील." हात थरथरत होते. बाहेर मुलं फटाके वाजवत होती. मी स्कॅन केलं आणि पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः सासूबाईंना शिकवलंय. त्यानंतर फोन बंद.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. का, तर नवऱ्याला सांगायला मला अख्खी रात्र लागली. तुम्ही एक मिनिट थांबू नका, आधी १९३०, मग रडा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात. माझे ११,३४० रुपये कुठल्यातरी तिसऱ्या खात्यात अडकवलेत म्हणे, पण ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा असं मला तेव्हा सांगितलं. ९३,५९९ मधले ११,३४० आणि त्याला कोर्ट.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "बेन, दारू पीवा जवानां हतां?" म्हणजे, ताई, दारू प्यायला जाणार होतात का? समोर बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. माझे मिस्टर लाल झाले. अहो, महाराष्ट्रात कायद्याने चालणाऱ्या ठिकाणी जाणार होतो, तो काय गुन्हा आहे? चोरी आमच्याकडे झाली आणि कैफियत आम्हीच द्यायची! तासभर बसवून एफआयआरच्या जागी साधा अर्ज घेतला, म्हणाले कंपनी नाशिकची, तिकडे जा. नाशिकला फोन केला, तर पैसे बडोद्यातून गेले, तिकडेच करा. मग कळलं खातं तिसऱ्याच राज्यातलं. तीन ठिकाणी तीन जणांनी हद्द शिकवली. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असते, हे मला माझ्या एका जुन्या, आता वकील झालेल्या विद्यार्थ्याने सांगितलं, ठाण्यातल्या कोणी नाही. प्रिंट काढून घेऊन गेले तेव्हा साहेब बंदोबस्ताला. परत गेले तेव्हा साहेब सुट्टीवर. तिसऱ्यांदा गेले तेव्हा अर्जच सापडेना, मी पोचपावतीची झेरॉक्स काढून दाखवली तेव्हा सापडला. पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका.

बँकेत आणखी वेगळं. "मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय ना?" बस, विषय संपला. फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी किती हे सांगणारं आरबीआयचं २०१७ चं सर्क्युलर दाखवलं, तर म्हणाले ते तुमच्या नकळत पैसे गेले तर, तुम्ही तर स्वतः दिलेत. बरं, मी दिले. पण समोरचं खातं कोणत्यातरी बँकेने केवायसी करूनच उघडलं ना? त्या माणसाचा आधार, फोटो, पत्ता कोणाकडे तरी असणारच ना? त्याला हात लावायला कोणी तयार नाही, आणि मला मात्र चार वेळा आधारची कॉपी मागितली. लेखी तक्रारीला ३० दिवस होऊन गेल्यावर आरबीआयच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे लोकपालाकडे, टाकलंय. बघू.

मैत्रिणी चांगल्या आहेत, कोणी एक शब्द बोललं नाही, पण पैसे माझ्या हातून गेले म्हणून तिघींचे २२,१५० प्रमाणे ६६,४५० मी एफडी मोडून परत केले. एकीने घेतले आणि मग रडली. सासूबाईंना शेवटी सगळं सांगितलं, वाइनसकट. त्या म्हणाल्या, "मला विचारलं होतंस तेव्हा ऐकायचं होतंस." एवढंच.

परवा तोच फोटो मला परत दिसला. पेजचं नाव नवीन, "न्यू इयर हार्वेस्ट स्पेशल", जोडप्याला २८,९९९. मी रिपोर्ट केलं, उत्तर आलं की यात नियमांविरुद्ध काही आढळलं नाही. म्हणून फोटो नीट सांगून ठेवते: लाकडी टब, हिरवी द्राक्षं, मागे धूसर डोंगर, आणि डाव्या पायात चांदीचं पैंजण.